हेलसिंकी ते स्टॉकहोम, पंचावन्न मिनिटं

औलिस पुल्किनेन यांनी विमानाचं तिकीट काढलं, ही बातमी आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावरून चौथ्यावर पोचायला लिफ्टपेक्षा कमी वेळ लागला. लिफ्ट तशी जुनीच आहे म्हणा. पण बातमीही साधी नव्हती. छत्तीस वर्षं रेल्वेत गार्ड म्हणून काढलेला, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा गृहस्थ. दोन रूळ सोडले तर जगातल्या कुठल्याही वाहनावर त्यांचा विश्वास नाही. आणि हे आता हवेतून जाणार, म्हणजे काय चेष्टा आहे!

कारण होतं धाकट्या भावाचं पत्र. रेइनो ऐन तारुण्यात स्वीडनला कारखान्यात कामाला गेला तो तिकडचाच झाला. दर नाताळाला त्याचं एक कार्ड यायचं, त्यावर फक्त सह्या. यंदा फेब्रुवारीत अख्खं पत्र आलं.

'औलिस, मी परत लग्न करतोय. तिचं नाव गुनेल. शनिवारी दुपारी बारा वाजता, इथल्या नगरपालिकेत. साक्षीदार दोन लागतात. एक गुनेलची बहीण आहे. दुसरा तू. आईची अंगठी तुझ्याकडे आहे ती घेऊन ये. या वेळी वेळेवर ये. टपालवाला गेल्या वर्षी वारला.'

आता हा टपालवाला कोण, ते सांगायला हवं. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी रेइनोचं माय्याशी पहिलं लग्न झालं तेव्हाही साक्षीदार औलिसच होते आणि अंगठीही त्यांच्याच खिशात होती. औलिस पोचले एक तास उशिरा. नगरपालिकेतलं लग्न कुणासाठी थांबत नाही. पाळी आली की आली. शेवटी रेइनोने रस्त्यावरून चाललेल्या एका टपालवाल्याला पकडून साक्षीदार म्हणून उभं केलं आणि नवरीच्या बोटात पडद्याची कडी घातली. लग्नाच्या फोटोत नवरा, नवरी आणि खांद्याला थैली अडकवलेला टपालवाला आहे. पुढे तो टपालवाला त्यांच्या घरचाच झाला. दर नाताळाच्या कार्डावर रेइनो आणि बायकोच्या खाली त्याचीही सही असायची. ती सही बघितली की औलिसना नाताळचं जेवण जायचं नाही.

उशीर का झाला? तर बोट बर्फात अडकली. ही गोष्ट आमच्या इमारतीत सगळ्यांना पाठ आहे. दरवर्षी त्या बर्फाचा थर चार बोटं वाढायचा. परवापरवा तर तो कमरेइतका झाला होता. त्या लग्नापासून औलिसनी दोन गोष्टी सोडल्या. एक बोट. दुसरी गोष्ट जरा चमत्कारिक होती: त्यांनी पुन्हा कधी घड्याळाच्या काट्याला हात लावला नाही. सरकार वर्षातून दोनदा वेळ बदलतं तेव्हासुद्धा ते मनगट पुढे करून घड्याळजीच्या दुकानात उभे राहतात. निवृत्त होताना रेल्वेने दिलेलं घड्याळ ते. मागे कोरलंय: 'छत्तीस वर्षं, एक मिनिटही उशीर नाही.' रेल्वेला बिचारीला स्वीडनची भानगड माहीत नसावी.

पत्र वाचून औलिस तळमजल्यावर सुलो हकाला यांच्याकडे गेले. सुलो म्हणजे निवृत्त भूगोल शिक्षक. घरात पृथ्वीचा एवढा मोठा गोल आहे की बाकी सामान त्याच्या कडेकडेने ठेवलंय.

"सुलो, हेलसिंकी ते स्टॉकहोम किती पडतं?"

सुलोंनी शिवणाचा दोरा आणला, गोलावर ताणला, मग पट्टीवर धरला. "तीनशे शहाण्णव किलोमीटर. सरळ रेषेत."

"विमान कंपनी चारशे म्हणते."

"ते विमानतळापासून विमानतळापर्यंत मोजतात. मी शहराच्या मध्यापासून मोजतो. शिवाय मी दोरा ताणून धरतो."

"आणि वेळ?"

"पंचावन्न मिनिटं उडायची, पाच मिनिटं इकडंतिकडं. एक तास धर."

तेवढ्यात मीठ मागायला म्हणून हेल्वी रौतिओ आत आल्या. हेल्वीबाईंना मीठ नको होतं. त्यांना माहिती हवी होती. औलिसनी तिकीट दाखवलं: सुटण्याची वेळ सकाळी नऊ, पोचण्याची वेळ सकाळी नऊ.

"अगंबाई! म्हणजे वेळच लागत नाही?" हेल्वीबाई म्हणाल्या.

"स्वीडन एक तास मागे आहे," सुलो म्हणाले.

"ते मला लहानपणापासून माहितीये. आणि परत येताना?"

"परत येताना दहाला निघून बाराला पोचणार."

"जाताना शून्य आणि येताना दोन तास? मग तिकडून चढ आहे म्हणायचा!" आणि मग त्यांनी ज्यासाठी मीठ मागितलं होतं तो प्रश्न विचारला. "एवढं लग्न म्हणजे शुक्रवारीच निघाल ना?"

औलिसचे कान टवकारले. शुक्रवारी संध्याकाळी सहा ते सात ही तळघरातल्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीत, औलिसची पाळी. एकतीस वर्षांची. आठवड्याचं काम संपलेलं, बाहेर बर्फ, आत तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं की चर्र आवाज. अशी पाळी माणूस मृत्युपत्रात लिहितो. हेल्वीबाईंची पाळी मंगळवारी दुपारी तीनची. मंगळवारी दुपारी तीन वाजता कुणाला घाम काढावासा वाटतो सांगा! शुक्रवारच्या प्रतीक्षायादीत त्या नऊ वर्षं पहिल्या नंबरवर होत्या. आणि एकदा पाळी रिकामी गेली की हळूहळू ती कुणाच्या नावावर चढते हे औलिसना रेल्वेच्या बढत्यांवरून चांगलं ठाऊक होतं.

"शनिवारी सकाळी निघणार," ते म्हणाले. "नऊला निघून नऊला पोचतो. लग्न बाराला आहे. आदल्या दिवशी जाऊन तिकडं काय करू? माशा मारू?"

"पहिल्यांदा गेला होतास तेव्हाही तू असाच हिशेब केला असशील," सुलो म्हणाले.

"तेव्हा बर्फ होता," औलिस म्हणाले आणि उठले.

घरी येऊन त्यांनी एका मोठ्या कागदावर वेळापत्रक आखलं. लाल शाई, काळी शाई, रेघा पट्टीने. घड्याळाला हात लावायचा नाही हा नियम असल्यामुळे सगळ्या वेळा फिनलंडच्या. विमान उतरणं: १०:००. बॅग: १०:१५. आगगाडी: १०:४०. आणि तळाशी दुहेरी रेघ मारून, विवाह: १३:००. एकदा कागद बरोबर असला की माणसाने विचार करायचं कारण नाही. गार्डाचं हेच तर सुख असतं.

शनिवारी सकाळी हेल्वीबाई निरोप द्यायला आल्या त्या पाणथळीतल्या पिवळ्या बेरींच्या मुरंब्याची बरणी घेऊनच. शुक्रवारची सौना सुखरूप पार पडलेली असल्याने औलिस उदार झाले होते. त्यांनी ती घेतली.

"अंगठी कुठं ठेवलीत?"

"खिशात."

"वेडे आहात का? त्या दरवाज्यातून जाताना बोंब मारतं ना ते यंत्र! आणा इकडे." हेल्वीबाईंनी अंगठी एका लोकरी मोज्यात घातली, मोजा दुसऱ्या मोज्यात घातला आणि त्या गाठोड्याला बॅगेच्या तळाशी पाठवलं. "आता देवसुद्धा शोधू शकणार नाही."

विमानतळावर औलिस अडीच तास आधी पोचले. झडतीच्या रांगेत तेच पहिले. आणि तिथेच पहिली माशी शिंकली. काम करणाऱ्या बाईंनी बॅगेतून बरणी वर काढली.

"हे नेता येणार नाही. पातळ पदार्थ आहे."

"मुरंबा पातळ?" औलिस म्हणाले. "यात चमचा उभा राहतो."

"चमचा उभा राहिला तरी नियमात तो पातळच."

"एक चमचा आणा, दाखवतो."

मागे रांग वाढत होती. रांगेतला एकही माणूस काही बोलला नाही, नुसते सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिले. आमच्याकडे यापेक्षा मोठी शिवी नाही. औलिसचे कान लाल झाले. बाई चांगल्या होत्या, म्हणाल्या, "आजोबा, परत जा आणि बॅगच सामानात टाका. सामानात चालतो." आता विमानाच्या पोटात बरणी नुसतीच कशी पाठवायची, फुटली तर? औलिसनी आजूबाजूला पाहिलं. हाताशी एकच कागद होता, मोठा, जाड, दोन घड्यांचा. त्यांनी बरणी वेळापत्रकात गुंडाळली.

सामान घ्यायला पूर्वी माणूस असायचा. आता यंत्र होतं. यंत्राने पडद्यावर विचारलं: बॅग आपण स्वतः भरली आहे काय? हो किंवा नाही.

रेल्वेत छत्तीस वर्षं खोटी नोंद न केलेला माणूस. औलिसनी 'नाही' दाबलं.

यंत्र लाल झालं. पाच मिनिटांनी निळ्या कोटातला एक गृहस्थ आला. "बॅग कुणी भरली?"

"कपडे मी. मुरंबा हेल्वीबाईंचा. मोज्यातली वस्तूही त्यांनीच गुंडाळली."

"मोज्यात काय आहे?"

"लग्नाची अंगठी."

गृहस्थाने एकदा औलिसकडे, एकदा बॅगेकडे पाहिलं. "या हेल्वीबाई कुठं आहेत?"

"घरी. माझ्या सौनाच्या पाळीवर डोळा ठेवून."

गृहस्थ गंभीर झाला. "शुक्रवारची आहे का?"

"सहा ते सात."

"मग जपा," तो म्हणाला, आणि स्वतःच्या हाताने 'हो' दाबलं.

विमान वेळेवर भरलं, दारं वेळेवर लागली आणि मग ते हललंच नाही. पंखांवर बर्फ होता. एक गाडी आली आणि विमानाला गरम फवाऱ्याने आंघोळ घालू लागली. आधी एक पंख, मग दुसरा, मग पहिल्यावर पुन्हा बर्फ, म्हणून पुन्हा पहिला. या सगळ्यात पन्नास मिनिटं गेली. औलिस मनगटाकडे बघत बसले. चारशे किलोमीटर उडायला पंचावन्न मिनिटं आणि नुसत्या आंघोळीला पन्नास! रेल्वेत इंजिनाला आंघोळ घालायची असेल तर ते प्रवासी बसायच्या आधी घालतात, असं त्यांनी शेजारच्या बाईंना सांगितलं. बाईंनी कानात बोळे घातले.

उड्डाण मात्र चोख झालं. पंचावन्न मिनिटं म्हणजे पंचावन्न. कॉफी आली आणि कॉफी संपायच्या आत समुद्र संपला. उतरताना घोषणा झाली: "स्थानिक वेळ नऊ वाजून पन्नास मिनिटे." आजूबाजूच्या माणसांनी आपापली घड्याळं मागे केली. औलिसचा उजवा हात त्यांचं बघून डाव्या मनगटाकडे निघाला होता. त्यांनी तो वाटेतच आवरला आणि त्यावर बसून घेतलं. काय वाटेल ते होवो, काट्याला हात नाही. वेळापत्रक फिनलंडचं, घड्याळ फिनलंडचं. दोघांचं जमतंय तर मध्ये आपण कशाला पडा?

फक्त वेळापत्रक बॅगेत होतं. आणि बॅग येईना.

पट्टा फिरत होता. काळ्या बॅगा आल्या, लाल आल्या, एक लहान मुलांची गाडी आली, कुणाच्या तरी बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्या आल्या. अर्ध्या तासाने लोक पांगले, पट्टा रिकामाच फिरत राहिला. औलिस हरवलेल्या सामानाच्या खिडकीपाशी गेले. तिथं एक डबी होती. तिच्यातून नंबराची चिठ्ठी ओढायची. त्यांचा नंबर एकाहत्तर. पाटीवर चौतीस. खिडकीपाशी माणूस म्हणाल तर औलिस एकटेच. बाकीचे नंबर चिठ्ठ्या ओढून कंटाळून निघून गेले होते, पण आतली बाई प्रत्येक गैरहजर नंबराला नियमाप्रमाणे पुकारत होती आणि नियमाप्रमाणे थांबत होती.

"पस्तीस!" कुणी नाही. थांबणं. "छत्तीस!" कुणी नाही. पुन्हा थांबणं.

"अहो बाई, मी इथं एकटा उभा आहे," औलिस शाळेत शिकलेल्या स्वीडिशमध्ये म्हणाले. ती भाषा त्यांनी शाळेनंतर कधी वापरली नव्हती, आणि शाळेतही नाइलाजानेच.

"आपला नंबर?"

"एकाहत्तर."

"मग अजून आला नाही." तिने घंटी दाबली. "सदतीस!"

सत्तरपर्यंत औलिस उभ्याउभ्या वाळले. सत्तर पुकारला गेला आणि मागे पट्ट्यावर धप्प आवाज झाला. बॅग! एकटीच, एका कुशीवर, आणि तिच्या कोपऱ्यातून काहीतरी पिवळं ठिबकत होतं.

उघडली तर काय सांगावं. बरणीचे चार तुकडे. मुरंबा शर्टावर, मुरंबा विजारीवर. चमचा उभा राहणारा मुरंबा नेमका आज पातळ झाला होता. आणि वेळापत्रकाचा तर लगदा. लाल शाई, काळी शाई आणि पिवळा रस यांची अशी काही खिचडी झाली होती की दुहेरी रेघेखालचा आकडा दिसेना. औलिसनी मोज्यांचं गाठोडं चाचपलं. अंगठी होती. जीव भांड्यात पडला. चिकटलेली, पण होती.

मग त्यांनी खिशातून रेइनोचं पत्र काढलं. विवाह: दुपारी बारा. मनगटावर पाहिलं. अकरा पंचावन्न.

अकरा पंचावन्न!

पायाखालची जमीन सरकणे म्हणजे काय ते त्यांना त्या क्षणी कळलं. लग्नाला पाच मिनिटं. गाव तिथून तासभरावर. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी एक तास, आणि आज परत एक तास! या वेळी टपालवालासुद्धा नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस मुरंब्याने बरबटलेली बॅग छातीशी धरून धावत सुटला. खिडकीतून "एकाहत्तर!" अशी हाक आली तेव्हा ते दाराबाहेर पडलेही होते.

टॅक्सीवाल्याचं नाव होतं एलियास. "कुठं जायचं, आजोबा?"

"नगरपालिका! लग्न! भाऊ! एक तास!" शाळेतल्या स्वीडिशमध्ये एवढेच शब्द उरले होते.

गाडी सुटली. औलिसची नजर समोर गेली. गाडीच्या घड्याळात अकरा वाजले होते. ते भयंकर चिडले. संतापायला काहीतरी सापडलं हेही एक बरंच झालं; चिडल्यावर स्वीडिशही आठवलं.

"तुझं घड्याळ एक तास मागे आहे!"

"काय म्हणता?" एलियासने घड्याळाकडे पाहिलं, मग आरशातून औलिसकडे. "मागे?"

"चांगला तासभर! अरे, टॅक्सी चालवतोस ना? लोकांची लग्नं असतात, मरणं असतात. घड्याळ नीट लावता येत नाही?"

एलियासने थोडा विचार केला. "आजोबा, तुम्ही आलात कुठून?"

"हेलसिंकीहून."

"हां," एलियास म्हणाला. त्याच्या खांद्यांना जरासा हिसका बसला. "मग बरोबर आहे. पण घाबरू नका. पोचाल तुम्ही."

"पोचून काय करू? झालं असेल सगळं!"

"नाही हो, आजोबा..."

"तुला काय कळतंय!" औलिस ओरडले आणि मान फिरवून खिडकीबाहेर बघू लागले. एलियासने आणखी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा औलिसनी हात वर केला. शेवटी त्याने प्रयत्न सोडला आणि गालातल्या गालात हसत गाडी हाकली. त्या हसण्याने तर औलिसचा आत्मा जळत गेला. बाहेर पाइनची झाडं, बर्फ, पुन्हा पाइनची झाडं. काय बोलायचं भावाला? बर्फ होता म्हणायचं? विमानाच्या पंखावर? ते खरंही होतं. पण एकाच माणसाने आयुष्यात दोनदा बर्फाचं कारण कसं सांगायचं? आणि पहिल्यांदा तर...

त्यांनी डोळे मिटून घेतले. पहिल्यांदाचं त्यांनी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. ती गेली तीही बोट बर्फात अडकली असंच समजून.

नगरपालिकेच्या दारात टॅक्सी थांबली तेव्हा औलिसच्या घड्याळात एकला सात मिनिटं कमी होती. आत लांबलचक दालन, फरशी लखलखीत, चिटपाखरू नाही. एका बाकावर फक्त एक म्हातारा बसला होता. गुडघ्यांवर टोपी, टोपीवर हात, मान खाली. रेइनो. केस किती पांढरे झालेत याचे! एकटाच बसलाय. म्हणजे सगळं उरकलं. पाहुणे गेले, नवरी गेली आणि हा बसलाय भावाचं तोंड बघायला.

औलिसच्या तोंडून शब्द आपोआप बाहेर पडायला लागले.

"रेइनो, काही बोलू नकोस. आधी मला बोलू दे. आज विमानाच्या पंखावर बर्फ होता, बॅग आली नाही, मुरंबा फुटला, ते सगळं खरं आहे. पण त्या वेळी बर्फ नव्हता. ऐकतोयस ना? नव्हता बर्फ. मी रात्री बोटीवर झोपताना घड्याळ एक तास मागे केलं. सकाळी खलाशाने ओरडून सांगितलं, उतरणाऱ्यांनी घड्याळं मागे करा, म्हणून झोपेत परत एकदा मागे केलं. दोनदा! मी! गार्ड! आणि मग बंदरावर बसून शांतपणे कॉफी प्यालो, बन खाल्ला. वाटलं, भरपूर वेळ आहे. तू माणूस शोधत रस्त्यावर फिरत होतास तेव्हा मी बन खात होतो, रेइनो. लाज वाटली रे. तुला सांगायची लाज वाटली, म्हणून बर्फ. एकदा बर्फ म्हटलं की मग बर्फच म्हणत राहावं लागतं. आज परत... चुकलो. तेव्हाही चुकलो, आजही. माफ कर."

रेइनोने मान वर केली. औलिस उभे होते, बॅगेतून फरशीवर मुरंब्याचा एक थेंब पडला, मग दुसरा.

"औलिस," रेइनो म्हणाला, "माझं ते लग्न मे महिन्यात होतं."

"काय?"

"वीस मे. बाहेर लायलॅक फुलायला लागली होती. माय्याने केसात घातली होती फुलं. फोटोत टपालवाला अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात आहे." त्याने टोपी गोल फिरवली. "मे महिन्यात कसला आलाय बर्फ, गाढवा!"

औलिस बाकावर बसले.

"मग तू... अठ्ठेचाळीस वर्षं... कधी बोलला नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो. पहिल्या वर्षी वाटलं, नाताळाला सांगेल. मग वाटलं, आई गेली तेव्हा सांगेल. टपालवाला दरवर्षी विचारायचा, 'आला का बर्फ वितळून?' म्हणूनच तर सही करायचा तो कार्डावर. म्हणायचा, लाजून तरी बोलेल." रेइनोने टोपीवरची धूळ झटकली. "चांगला माणूस होता."

एवढ्या वर्षांच्या ओझ्याचं औलिसच्या छातीवर काहीच उरलं नव्हतं. त्यांना भलतंच हलकं वाटत होतं आणि रडायला येत होतं, दोन्ही एकदम.

"निदान लग्न नीट झालं ना?" त्यांनी विचारलं. "साक्षीदार कोण मिळाला?"

"कुठलं लग्न?"

"तुझं! आजचं!"

रेइनोने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या मनगटाकडे पाहिलं. मग टोपीने वर, त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीकडे दाखवलं. भिंतीवर बैलगाडीच्या चाकाएवढं घड्याळ होतं. बाराला पाच मिनिटं कमी.

"गुनेल आणि तिची बहीण आत केस सारखे करतायत," रेइनो म्हणाला. "तू पाच मिनिटं लवकर आलायस."

औलिस हसायला लागले. आधी नाकातून, मग पोटातून. छत्तीस वर्षांत कधी हसले नसतील एवढे. रेइनोही हसायला लागला. एका खोलीचं दार उघडून कुणीतरी "शू!" केलं, पण ते काही थांबायचं नाव घेईनात.

गुनेल बाहेर आली. उंच, चष्मेवाली, हातात ट्यूलिपची जुडी. तिने मुरंब्याने रंगलेल्या दिराला मिठी मारली आणि स्वतःचा निळा झगाही रंगवून घेतला. बारा वाजता नाव पुकारलं गेलं. विधी सगळा चार मिनिटांचा. साक्षीदाराने मोजा काढला, मोज्यातून मोजा काढला, मोज्यातून आईची अंगठी काढली. ती रेइनोच्या बोटाला चिकटली, मग गुनेलच्या बोटाला चिकटली, आणि शेवटी बसली ती अशी बसली की आता निघायची नाही. गुनेलने सगळ्यांदेखत बोट चाटलं.

"पाणथळीतल्या बेरी!" ती म्हणाली. "कुणी केलाय? साखर अगदी बेताची आहे."

बुधवारी दुपारी हेल्वीबाईंचा फोन वाजला.

"हेल्वीबाई, मी औलिस. मी अजून दोन आठवडे इथंच राहतोय. शुक्रवारची पाळी तुम्ही घ्या."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"आजारी आहात का?" हेल्वीबाईंनी हळूच विचारलं.

"नाही. रेइनोच्या अंगणात सौना आहे. लाकडांवरची."

"शुद्धीत आहात ना? आज वार कोणता ते सांगा बघू."

"बुधवार. आणि मुरंब्याचं गुनेल विचारत होती, साखर किती घालता?"

"ते नंतर. आधी सांगा, तिकडं आत्ता किती वाजलेत?" हेल्वीबाई माणसाचं डोकं ठिकाणावर आहे का ते असंच तपासतात.

औलिसनी मनगट वर केलं. मनगट उघडं होतं. घड्याळ बाहेर सौनाच्या दाराशी खिळ्याला टांगलेलं होतं आणि आतून रेइनो ओरडत होता की दगड तापलेत, येणार आहेस का आणखी अठ्ठेचाळीस वर्षांनी?

"माहीत नाही," औलिस पुल्किनेन म्हणाले, आणि फोन ठेवून पळत सुटले.